गौरीला यंदा फूल नाही

आमच्या लालबागच्या चाळीत सुचित्राकाकीच्या तोंडी लागायची कोणाची टाप नव्हती. नवऱ्याची मिल बंद पडल्यापासून हिंदमाताच्या दुकानदारांच्या साड्यांना फॉल लावून बाईने घर चालवलं, आणि त्या दुकानदारांनाही खडसावायला कधी कमी केलं नाही. मी शेजारच्या खोलीतली. माझंही तोंड काही लहान नाही, पण काकीपुढे मीसुद्धा गप्प.

चाळीमागच्या बंद मिलच्या आवारात अग्निशिखा माजायची. बुडाशी पिवळी, वर लालभडक, पाकळ्या मागे वळलेल्या. दर गौरीला काकी भिंतीच्या भगदाडातून आत शिरून ती फुलं आणायची. मग तिथे टॉवर आला. जेसीबीने सगळं रान खरवडून टाकलं. काकी वॉचमनशी हुज्जत घालून ढिगाऱ्यात शिरली आणि पदरातून मूठभर कंद घेऊन आली. गॅलरीत तेलाच्या डब्यात लावले. एक सोडून सगळे कुजले. गावी कुडाळला भावाला फोन लावला, तर तो म्हणाला, "इथे तरी कुठे राहिलीय? औषधवाले कंद उपटून नेतात."

म्हणजे उरलं ते हे डब्यातलं एकच. त्यावरही चाळीत कुजबुज, अग्निशिखा म्हणजेच कळलावी, दारात ठेवली तर भांडणं होतात. "मग याआधी मी काय आरती ओवाळत होते सगळ्यांची?" काकी म्हणायची.

दोन पावसाळे नुसती पानं. यंदा श्रावणात वेल गजांवर चढला आणि कळ्या धरल्या. काकीला आभाळ ठेंगणं झालं. पण खालच्या मजल्यावरच्या कमलाबाई, ज्यांच्या खोलीत चाळीची गौर बसते, फुलं मागायला आल्या तर ती साफ नाही म्हणाली. "आधी बी धरू दे. चार रोपं होऊ देत, मग हवी तेवढी न्या. गौरीला सांगा, यंदा फूल नाही." कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. देवीला नाही म्हणतात का कोणी!

गौर यायच्या आदल्या दिवशी काकी तापाने फणफणली. डेंग्यू. मी तिला इस्पितळात नेलं आणि तिथेच राहिले. ग्लानीतही विचारायची, "नम्रता, डब्यात पाणी घातलंस?" मी चाळीत फोन करून सांगितलं, पाणी घाला रे कोणीतरी.

काकी वाचली. घरी आणली तर जिन्यात बायका ओवाळायला उभ्या. कमलाबाईंचे डोळे भरलेले. "देवी कोपली होती गं तुझ्यावर. आम्ही तुझी अग्निशिखा तिला वाहिली, आणि बघ, विसर्जनाच्या दिवशी ताप उतरला!"

गॅलरीत डबा पालथा पडला होता. तेरड्याची गौर मुळासकट आणायची असते, रीतच तशी. त्याच रीतीने वेलही कंदासकट उपटला होता, आणि गौरीबरोबर चौपाटीला बुडवलाही होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार तोच काकीने माझं मनगट दाबलं. तिने कमलाबाईंना वाकून नमस्कार केला. "माझ्यासाठी एवढं केलंत," म्हणाली.

दार लावल्यावर मात्र खाटेवर बसून हमसाहमशी रडली. मला राहवेना. "काकी, चार शब्द सुनवायचेस ना त्यांना! तू, आणि गप्प बसलीस?"

"काय सुनवू गो?" ती म्हणाली. "माझ्यावर जीव आहे म्हणून उपटलंय त्यांनी."