नारळावर मिटवलेली भांडणं

“लिहिलं की कोर्ट, नाहीतर नारळ. बोला, काय करू?”

मंडणगडाकडच्या ठाण्यात कुणीही तक्रार घेऊन आलं, की आमचे हवालदार पेन खिशातच ठेवून हे विचारत.

नारळ म्हणजे दोन्ही पक्षांनी ग्रामदेवतेपुढे जायचं, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि पुन्हा वाकडं वागणार नाही, असं कबूल करून नारळ ठेवायचा. बांध कोरलेला असो की एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार केलेला असो, औषध तेच. मी तेव्हा सरकारी वकील होतो. “अहो, कायद्यात नारळ कुठे आहे?” असं मी चिडवलं, की ते म्हणत, “नाय ना? म्हणून तर देवळात पाठवतो.”

असे अंमलदार तुम्हीही पाहिले असतील. गुन्हा नोंदवायचा की दम देऊन सोडायचं, हे ते माणूस बघून ठरवतात. आंब्याची पेटी उचलणाऱ्या एका तरुणाला त्यांनी असंच सोडलं. तो आज जहाजावर नोकरीला आहे. गुन्हा लागता तर पासपोर्टच अडकला असता. मला हा माणूस आवडायचा, लपवू कशाला?

मग एक बाई नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आली. हवालदारांनी नवऱ्याला झापलं आणि देवळात नेलं. काही महिन्यांनी ती पुन्हा आली, पुन्हा देऊळ झालं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

“सायेब, आता नारळ नको. लिवा.”

त्यांनी लिहिलं. खटला उभा राहिला. बाई पायरीवरून पडली आणि आता खोटं बोलते आहे, असं नवऱ्याच्या वकिलाचं म्हणणं. हवालदार साक्षीला उभे राहिले तेव्हा त्या वकिलाने विचारलं, “मारहाण नेहमीची होती, तर ठाण्याच्या दप्तरात आधीची एकही तक्रार कशी नाही?”

‘तक्रार आलीच नव्हती’ एवढंच म्हणून ते सुटले असते. निवृत्ती तोंडावर होती. पण मग बाई खोटी ठरली असती.

“दप्तरात नाही. पण ती दोनदा आली होती. मीच लिहिलं नाही.”

“का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“ठरवणं माझ्या हातात होतं, साहेब. संसार टिकेल असं वाटलं. हात तिचा मोडला.”

नवऱ्याला शिक्षा झाली. हवालदारांमागे खात्याची चौकशी लागली आणि ती संपायच्या आतच ते वारले. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्यावरचा माझा रागही गेला नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेर त्यांनी त्या बाईला हात जोडले होते. तिने मान फिरवली आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला. ती वळणाआड जाईपर्यंत त्यांचे हात तसेच होते.