टेबलाची मानकरीण

रोसमेरी कायिसायाने छापखान्यातली नोकरी सोडली तेव्हा तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एक टेबलसुद्धा नव्हतं. सात वर्षं ती मालकाच्या टेबलावर बसून लग्नपत्रिकांवरची कबुतरं काढत होती. बोलिव्हियातल्या एल आल्तो शहरात लग्नं काही थांबत नाहीत, त्यामुळे कबुतरंही थांबत नव्हती. सत्ताविसाव्या वर्षी एका दुपारी तिने मध्येच पेन ठेवलं, मालकाला सांगितलं, "आता मी पुस्तकांसाठी चित्रं काढणार," आणि अर्धं कबूतर तसंच टाकून ती घरी आली.

तिची आई डोन्या बासिलिया केबल कारच्या स्टेशनाखाली पहाटेपासून आपी विकायची. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं घट्ट, गोड, गरम पेय. चार हजार मीटर उंचीवरच्या गारठ्यात त्याच्याशिवाय कुणाचा दिवस सुरू होत नाही. लेकीने नोकरी सोडली हे ऐकून आई रडेल, ओरडेल, बापाचा फोटो पुढे करेल, या सगळ्याची रोसमेरीने तयारी ठेवली होती. बासिलियाने फक्त हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काय काय लागेल?"

"टेबल, खुर्ची, दिवा, कागद. वरची खोली भाड्याने. आणि ती पाटी असते ना, स्क्रीनवर पेनाने काढायची, ती. त्याशिवाय हल्ली प्रकाशक दारात उभं करत नाहीत."

"केवढ्याला?"

"साडेसहा हजार बोलिव्हियानो."

"एका पाटीला?" बासिलिया मटकन स्टुलावर बसली. "अगं, तेवढ्यात दुभती गाय येते!"

"गाईवर चित्र काढता येत नाही, आई."

पातेल्यावर झाकण ठेवून आई म्हणाली, "मानकरी शोधायला हवेत."

रोसमेरीला हसू फुटलं. लग्नात केकचा मानकरी वेगळा, अंगठ्यांचा वेगळा, बँडचा वेगळा, हे सगळ्यांनाच माहीत. नव्या घराच्या पत्र्यांनाही मानकरी असतो. तो पत्र्यांचा खर्च उचलतो, समारंभात पहिल्या रांगेत बसतो आणि जन्मभर त्या छपराकडे बोट दाखवत फिरतो. पण चित्रकाराच्या टेबलाला मानकरी? छापखान्यातल्या मुली ऐकून हसून-हसून लोळतील, असं तिला वाटलं. मात्र आईने त्याच आठवड्यात ठेवणीतला घागरा नेसला, डोक्यावर हॅट चढवली, बिअरच्या दोन बाटल्या आणि पावाची चळत शालीखाली घेतली आणि दारोदार रीतसर विनंती करून आली.

आश्चर्य म्हणजे कुणीही नाही म्हटलं नाही. कोपऱ्यावरच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानाची मालकीण डोन्या ओर्तेन्सिया टेबल-खुर्चीची मानकरीण झाली. दोन मिनीबसचा मालक आणि गल्लीच्या नाच-मंडळाचा अध्यक्ष डॉन फेर्मिन याने पाटी अंगावर घेतली. दिव्याला शेजारची एक विधवा मिळाली, कागदाला आईच्या ओळीतला एक भाजीवाला. एका शनिवारी दुपारी त्या चिमुकल्या खोलीत वीस माणसं कोंबली गेली. टेबलावर रंगीत कागदांच्या माळा पडल्या, रोसमेरीच्या केसांत कागदी फुलांच्या पाकळ्या पडल्या आणि धरणीमातेला म्हणून चारी कोपऱ्यांत बिअर शिंपडली गेली. डॉन फेर्मिन बाटली घेऊन पाटीकडे वळला तेव्हा रोसमेरीने किंकाळी फोडली.

"स्क्रीनवर नको! डॉन फेर्मिन, बिघडेल ती!"

"न शिंपडता बिघडते, पोरी," असं म्हणून त्याने कडेला तीन थेंब सोडलेच.

पाटी चालली. रोसमेरी त्या रात्री टेबलावर डोकं टेकून आनंदाने रडली. खोलीच्या भाड्याशिवाय एक पैसा खर्च न करता आपण उभे राहिलो, असं तिला वाटलं. किती भाबडी पोरगी!

आठव्या दिवशी ओर्तेन्सिया जिने चढून धापा टाकत आली. तिला दुकानाच्या फलकावर कोंबडी हवी होती. घागरा नेसलेली, हॅट घातलेली आणि हसणारी. "जास्त नाही गं, छोटंसं. माझंच टेबल आहे ना, तेवढं तर होईल." कोंबडी झाली. मग मेन्यू कार्ड, मग भाच्याच्या बारशाची पत्रिका, मग भाच्याच्या बापाचा वाढदिवस. दिवेवाल्या विधवेला मेलेल्या कुत्र्याचं चित्र हवं होतं, फोटो नव्हता. "मी आठवून सांगते, तू काढत जा," म्हणत ती सलग चार दुपारी बसली आणि कान चौथ्या दिवशी जमले. डॉन फेर्मिनने तर कहरच केला. त्याला नाच-मंडळाच्या भल्यामोठ्या झेंड्यावर सगळ्या छत्तीस नाचणाऱ्यांचे चेहरे हवे होते, ओळखू येतील असे आणि खऱ्याहून बारीक.

रोसमेरी आधी लाजेने, मग भिडेने आणि शेवटी सवयीने काढत गेली. इथे याला आइनी म्हणतात. आज तू माझ्या शेतात राबलास, उद्या मी तुझ्या. गाव सोडून माणसं शहरात आली, शेतं मागे राहिली, पण आइनी बरोबर आली आणि ती कुणीही विसरत नाही. टेबलाचा खर्च एकदाच झाला होता, पण टेबल रोज वापरात होतं. ही फेड कधी संपते हे रोसमेरीला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.

अशातच तिला खरं काम मिळालं. खाली ला पास शहरात सेन्योरा हिमेना नावाच्या बाईचं छोटं प्रकाशन होतं. तिने रोसमेरीला एक बालपुस्तक दिलं. डोंगराला थंडी वाजते म्हणून एक आजी त्याच्यासाठी शाल विणायला घेते, अशी गोष्ट. चित्रं चोवीस, मुदत सहा महिने. मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाखाली रोसमेरीचं नाव. ती केबल कारने वर आली ती जवळजवळ तरंगतच.

दोन महिन्यांनी हिमेनाचा फोन आला. "किती झाली?"

"एक," रोसमेरी म्हणाली. तेही खोटं होतं. अर्धंच झालं होतं.

"हे बघ, मला तू आवडतेस. पण शुक्रवारपर्यंत तीन चित्रं टेबलावर आली नाहीत तर मी पुस्तक दुसऱ्याला देतेय. मनाला लावून घेऊ नकोस."

फोन ठेवल्यावर रोसमेरी हबकून बसली. समोर भिंतीवर तिने दोन महिन्यांत काढलेलं सगळं टाचलेलं होतं. कोंबड्या, कुत्रा, बारशाची बाळं आणि छत्तीस सडपातळ नर्तक. आजी कुठेच नव्हती. नोकरीत निदान कबुतरांचा पगार तरी मिळत होता.

नेमका तेव्हाच डॉन फेर्मिन जिन्यावर आला, हातात फोटोंचा गठ्ठा. "यातल्या सहा जणांनी खरंच वजन कमी केलंय. त्यांचं म्हणणं, अजून बारीक कर."

"नाही," रोसमेरी म्हणाली.

"म्हणजे उद्या?"

"उद्या नाही, परवा नाही. माझं पुस्तक होईपर्यंत कुणाचं काहीही नाही. पाटी हवी तर घेऊन जा."

डॉन फेर्मिनने फोटोंचा गठ्ठा छातीशी धरला. त्याच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात मानकऱ्याला असं कुणी बोललं नसावं. तो एकेक पायरी चाचपत खाली उतरला.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. बासिलियाने छातीवर क्रूसाची खूण केली. "तोंडावर? तोंडावर नाही म्हणालीस?"

"मग काय पाठीवर म्हणू? आई, पुस्तक जाईल माझं. एवढं एकच काम आहे माझ्याकडे. सगळ्यांना सांग, चार महिने मी मेले."

"असं अभद्र बोलू नये." आईने सूप ढवळलं. मग म्हणाली, "बरं. तू काढ. मी बघते."

आणि नवल घडलं. जिना शांत झाला. ना कोंबडी, ना कुत्रा. रोसमेरी आठवडाभर प्रत्येक पावलाला दचकत होती, पण वर कुणी आलंच नाही. डॉन फेर्मिन रस्त्यात भेटला तर चक्क टोपी उचलून म्हणाला, "काम कसं चाललंय, पोरी?" ओर्तेन्सियाने तर एकदा कोंबडीची तंगडी पाठवली. रोसमेरी चाट पडली. एवढं सोपं होतं? एक "नाही" म्हटलं की संपतं, आणि आपण दोन महिने उगाच मरत होतो? तिला स्वतःचा जरा अभिमानही वाटू लागला.

शुक्रवारी तीन चित्रं गेली. मग पाच, मग दहा. सकाळी उजाडल्यापासून ती पाटीवर वाकलेली असायची. आई जेवण आणून कोपऱ्यावर ठेवायची, ती नजर न उचलता हात पुढे करून बशी घ्यायची. संध्याकाळी आई घरात नसायची. "विक्रेत्यांच्या संघटनेची बैठक आहे," म्हणायची. संघटनेच्या बैठका एल आल्तोत पोटभर असतात आणि न गेल्यास दंड बसतो, त्यामुळे रोसमेरीला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सगळ्यात अवघड होते आजीचे हात. गोष्टच विणायची, त्यामुळे चोवीसपैकी वीस पानांवर ते होते. रोसमेरीने डोळे मिटून आईचे हात आठवले. आपी ओतणारे, पुऱ्या थापणारे, तिच्या वेण्या घालणारे. तेच काढले. हिमेना ती पानं बघून खुर्चीतून उठली. "किती खरे हात आहेत! कुणाला समोर बसवलंस?"

"आईला," रोसमेरी म्हणाली. तिला ते खोटं वाटलं नाही.

पुस्तक छापून आलं. पैसे हातात पडले ते बोलण्याच्या मानाने कमी. कर भरणाऱ्यांत नाव नोंदवलेलं नाही म्हणून एक लचका परस्पर कापला होता. हाही धक्काच, पण त्या दिवशी तिला कशाचं काही वाटत नव्हतं. पहिली प्रत छातीशी धरून ती वर आली. आईची बैठक सुटेपर्यंत गरम कोंबडी घेऊन ठेवावी, जाता जाता ओर्तेन्सियाशी गोडही करून घ्यावं, असा विचार करून ती कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. दारावर तिचीच कोंबडी हॅट घालून हसत होती.

"अख्खी कोंबडी द्या, डोन्या ओर्तेन्सिया. आज पैसे देऊन."

"अगंबाई, झालं का पुस्तक?" ओर्तेन्सियाचा चेहरा खरोखरच फुलला. ती मागे वळून ओरडली, "कोमाद्रे! ये बाहेर, पोरगी आलीय तुझी!"

मुलीच्या टेबलाची मानकरीण म्हणजे आईची कोमाद्रे, नात्यातलीच. पण ती आतल्या बाजूला कुणाला हाक मारतेय, हे रोसमेरीला क्षणभर कळेना. मग मोरीचा पडदा सरकला आणि बासिलिया बाहेर आली. घागरा गुडघ्यापर्यंत खोचलेला, बाह्या वर, पोटापर्यंत भिजलेली.

"आई? तू इथे काय करतेयस?"

"ट्रे धुतेय. दिसत नाही?"

"बैठक…"

"कसली बैठक," बासिलिया म्हणाली. आवाजात ना राग ना तक्रार. "तू काढणार नाहीस म्हणालीस. मग कुणीतरी करायला नको? नाताळपर्यंत टेबल फिटेल. फेर्मिनच्या मंडळाला रोज सरावाच्या वेळी आपी पाजतेय, ते कार्निव्हलपर्यंत चालेल, पाटी महाग होती. दिव्याचं झालं. तिचं धुणं धुतलं मी."

टोपी उचलणारा डॉन फेर्मिन, कोंबडीची तंगडी, शांत जिना, सगळं एकदम रोसमेरीच्या अंगावर आलं. तिच्या "नाही"ने काहीच संपलं नव्हतं. देणं फक्त एक मजला खाली उतरून आईकडे गेलं होतं.

"मला सांगायचं तरी होतंस!"

"सांगून काय? तू दोन्हीकडे बसली असतीस का? दाखव पुस्तक. माझे हात ओले आहेत, तूच पानं उलट."

रोसमेरीने टेबलावर पुस्तक ठेवलं आणि एकेक पान उलटत गेली. डोंगर, लोकर, वारा. आई हात अंगापासून दूर धरून वाकून बघत होती, लहान मुलीसारखी प्रत्येक पानाला मान डोलवत होती. सहाव्या पानावर तिने मान डोलवायचं थांबवलं. तिथे पानभर फक्त आजीचे हात होते, सुयांवर.

"हे कुणाचे?"

"तुझेच की, आई."

"माझे?"

बासिलियाने स्वतःचे हात उचलून पानाशेजारी धरले. धुण्याचा सोडा, उकळतं पाणी आणि तेल यांनी ते सुजून लाल झाले होते. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडल्या होत्या, दोन नखं काळी पडून अर्धी सुटली होती. तिने पानाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

"कधीचे गं?" तिने विचारलं.

माणसांकडे बघून पोट भरणारी रोसमेरी, चार महिने रोज याच हातांतून बशी घेत होती आणि तिने एकदाही बघितलं नव्हतं.

"कोमाद्रे, ट्रे संपले!" गल्ल्यावरून ओर्तेन्सियाने हाक दिली. बासिलिया पडद्याआड गेली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. पुस्तक टेबलावर तसंच उघडं होतं. त्यातले हात कोरडे होते, गुबगुबीत होते, आणि खोटे होते.