आखूड शाल

काल आमच्या घरी मलिद्याची प्रार्थना होती. गोड पोह्यांचं ताट पुढे ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. आम्हा इस्रायली, म्हणजे ज्यू लोकांची प्रार्थना म्हणणारे शालोमकाका आता थकलेत. गावात आमची थोडीच घरं उरली आहेत. काकांनंतर कोण, ही सगळ्यांनाच काळजी.

एलियाहू नबींचं गाणं सुरू व्हायच्या आधी काकांनी खांद्यावरची प्रार्थनेची शाल काढली आणि शेजारच्या दानियलच्या अंगावर टाकली. तो चांगला उंच, त्याला ती आखूडच पडली.

"काका, मी रिक्षा हाकणारा माणूस!"

"मग एलिशा काय करत होता? एलियाहूंनी आपला वारस म्हणून त्याच्यावर झगा टाकला तेव्हा बैलच हाकत होता ना? बस पुढे!"

"आणि झग्याचं माप काढत नव्हता बसला," काकू म्हणाल्या. सगळे हसले.

दानियल पुढे बसला आणि शाल सारखी ओढत प्रार्थना म्हणू लागला. मला वाटलं, एलिशालाही तो झगा पहिल्या दिवशी परकाच वाटला असेल. अंगावर राहून राहूनच आपला झाला असेल.

प्रार्थना संपली. इतकी वर्षं आमचं आमेन ऐकणारे काका या वेळी आमच्यात चटईवर बसले होते. सगळ्यांत मोठं आमेन त्यांचंच आलं.