पोटाखालचा हात

माझा मामा पेंटय्या, आमचा मामय्या, लोकांचे कोंबडे सांभाळतो. स्वतःचा एकही नाही. भीमवरमच्या आसपास कोळंबीची तळी असलेली मोठी मंडळी संक्रांतीच्या झुंजीसाठी कोंबडे पाळतात, आणि पाळतात म्हणजे मामय्याच्या अंगणात आणून सोडतात. मग मामय्या त्यांना तळ्यात पोहायला नेतो, कोमट पाण्यानं शेकतो, बदाम भरवतो, बारीक चिरलेलं मटण भरवतो. घरात मात्र कण्यांचा भात आणि गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी. आमची अत्त, म्हणजे त्याची बायको, म्हणते, "देवा, पुढच्या जन्मी मला ह्या माणसाची बायको नको, कोंबडा कर."

माणूस काटकुळा, लुंगी गुडघ्याच्या वर दुमडलेली, शाळा तिसरीपर्यंत. फोनमध्ये कुणाचा नंबर भरायचा असला तरी माझ्याकडे येणार. मी भीमवरममध्ये मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात कामाला, त्यामुळे आमच्या अख्ख्या गोतावळ्यात यंत्रांचा जाणकार एकटा मी. ह्याचा मला माज होता. लपवत नाही.

मामय्याची एकुलती एक मुलगी वीरवेणी, आमची वेणी; मी तिचा आतेभाऊ, म्हणून ती मला बावा म्हणते. रविवारी ती आमच्या दुकानात यायची आणि जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही गेम खेळायचो. पहिल्या महिन्यात मी तिला शिकवलं, दुसऱ्या महिन्यात तिनं मला हरवलं, तिसऱ्यापासून ती माझ्यावर दया करायला लागली. मुद्दाम चुकायची. ते मला हरण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

त्या उन्हाळ्यात तिला विजयवाड्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. गेममधली चित्रं, माणसं, घरं बनवायला शिकवणारा दोन वर्षांचा कोर्स. कॉलेजनं सांगितलं की साधा लॅपटॉप चालणार नाही, गेमिंगचाच हवा. एका मालकाचा कोंबडा संक्रांतीत जिंकला होता, त्याचं मामय्याला मिळालेलं बक्षीस आणि अत्तेच्या बचत गटातले पैसे मिळून साठ हजार झाले. वर एक रुपया नाही. यंत्र फसलं तर दुसरं मिळणार नव्हतं, आणि यंत्राशिवाय तो कोर्स म्हणजे नांगराशिवाय शेती.

"सत्तिबाबू, तूच चल बाबा," मामय्या म्हणाला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मी तीन वर्षं घरी गेमिंग लॅपटॉप मागत होतो. वडिलांचं उत्तर ठरलेलं, "आधी पोटाचं बघ, खेळाचं मग." माझ्या पगारातून घर चालत होतं, आणि इथे कोंबड्यांची शी काढणाऱ्याच्या पोरीला कॉलेजनं एक कागद पाठवताच लॅपटॉप मिळणार होता. वर तो निवडायला मीच जायचं! "चला की मामय्या, आपलंच काम आहे," असं मात्र मी हसून म्हणालो.

शुक्रवारी पहाटेच्या बसनं आम्ही तिघं निघालो. विजयवाड्याला उतरलो तेव्हा दहाच वाजले होते, पण रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाजारातल्या एका मोठ्या दुकानात शिरलो. आत इतका गार वारा की मामय्यानं लुंगी सोडून पायघोळ केली.

साठ हजारांत दोन यंत्रं बसत होती. एक पातळ, पांढरंशुभ्र, बटणांखाली सात रंगांचे दिवे पळणारं. दुसरं गेल्या वर्षीचं, काळं, जाडजूड, दिवे बिवे काही नाही. चित्रं हलवणारं कार्ड दोन्हीत एकाच नावाचं. पण ज्याचा हात ह्या धंद्यात आहे त्याला ठाऊक असतं की पातळ यंत्रात त्याच कार्डाला वीज कमी देतात, कारण आत वारा फिरायला जागा नसते. पाच मिनिटं ते वाघासारखं पळतं, मग तापतं आणि बसकण मारतं. काळं यंत्र दिसायला रेडा, पण दिवसभर राबलं असतं.

हे मला माहीत होतं. शंभर टक्के माहीत होतं.

वेणी पांढऱ्या यंत्रावरून बोट फिरवत होती. "बावा, खरं सांग, कुठलं घेऊ? तू म्हणशील ते."

"पांढरं," मी म्हणालो. "डोळे झाकून घे."

असं का केलं? मनात सगळं मांडलेलं होतं. सहा महिन्यांत ते रडायला लागेल, मग वेणी दर सुट्टीत माझ्या दुकानात येईल, बावा हे बघ, बावा ते बघ. तिची चित्रं अडतील, अभ्यास मागे पडेल, आणि मी पुन्हा वरचढ. इतक्या नीचपणाचा हिशोब मी डोळ्याची पापणी न लववता केला.

मामय्या अजून काळ्या यंत्राकडे बघत होता, म्हणून मी आणखी एक चाल खेळलो. आमच्याकडे झुंजीचं एक जुनं शास्त्र आहे. कोणत्या वारी कोणत्या रंगाचा कोंबडा जिंकतो ते त्यात लिहिलेलं असतं, आणि पैसे लावणारे ते पोथीसारखं उशाशी ठेवतात. "मामय्या," मी म्हणालो, "आज वार कुठला? शुक्रवार. आज पांढऱ्या पिसांचा दिवस ना?"

मामय्या एवढ्या जोरात हसला की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. "ओरेय, ते पुस्तक पैसे लावणाऱ्यांसाठी असतं. सांभाळणारा पंखाखाली हात घालून बघतो." मग तो दुकानदाराकडे वळला. "शेटजी, दोन्ही बाहेर घ्या."

"बाहेर म्हणजे?"

"पायरीवर. उन्हात नको, सावलीतच, पण बाहेर. इथे तुमच्या बर्फात मेलेला कोंबडासुद्धा ताजा दिसेल. माझी पोरगी हॉस्टेलात राहणार, तिथे पंखा असला तरी नशीब."

"अहो तात, कंपनीचा माल आहे, असा रस्त्यावर नेत नाही कुणी."

"मग आम्ही जातो," म्हणत मामय्यानं कमरेला खोचलेल्या नोटांवर हात ठेवला. दुकानदार कपाळावर हात मारत वायर घेऊन बाहेर आला.

पायरीवर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली. एकावर वेणी, दुसऱ्यावर मला बसवलं. मला पांढरं दिलं. दोघांत एकच गेम. बघता बघता तिथे रिक्षावाले जमले, सोडा विकणारा जमला. "अम्मायीवर माझी पैज," कुणीतरी वेणीकडे बोट करून ओरडलं. मामय्या आमच्या पुढ्यात उकिडवा बसला. पडद्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. डोळे मिटून पंख्यांचा आवाज ऐकत होता. मधूनच हात यंत्राच्या पोटाखाली सरकवायचा, कोंबड्याच्या छातीखाली सरकवतो तसाच, आणि काढून घ्यायचा. कधी ह्याच्या, कधी त्याच्या.

सुरुवातीला मी जिंकत होतो. पंधराव्या मिनिटाला माझ्या पडद्यावरची माणसं अडखळायला लागली. विसाव्याला ती चिखलातून चालल्यासारखी चालत होती. पंखा किंचाळत होता. वेणी मात्र सरसर पुढे गेली. तिच्या यंत्राचा आवाज मोठा होता पण एकसारखा.

मामय्यानं पांढऱ्याखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा झटकला. "हा धापा टाकतोय. पहिल्याच फेरीत तोंड उघडणारा कोंबडा मी मालकाला फुकट दिला तरी तो परत आणून देईल." मग काळ्याच्या पाठीवर त्यानं थाप मारली. "हा कुरूप आहे, पण दम आहे. हाच."

वेणीनं माझ्याकडे बघितलं. "बावा, तू तर पांढरं म्हणालास?"

चोराच्या मनात चांदणं. मी वायर गुंडाळायला लागलो. मामय्यानंही माझ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात त्याला सगळं कळलं. रोज शेकडो कोंबड्यांचे डोळे बघणारा माणूस तो. माझे दोन त्याला काय जड होते?

"अगं, त्यानंच माझ्या कानात सांगितलं, बाहेर काढून बघा म्हणून," मामय्या शांतपणे म्हणाला. "शेटजींसमोर उघड कसं बोलणार? एकाच धंद्यातली माणसं. म्हणून पांढरा, पांढरा करत होता."

वेणीला ते पटलं. ती इतकी छान हसली की मला तिथेच पायऱ्यांखाली गडप व्हावंसं वाटलं.

परतीच्या बसमध्ये ती पुढे, खोकं मांडीवर घेऊन. मामय्या माझ्या शेजारी. गुडिवाडा गेल्यावर मीच म्हणालो, "मामय्या, मला माहीत होतं."

"हं."

"जळलो मी. मला कुणी घेऊन दिला नाही."

"माहिताय," तो म्हणाला. खिडकीबाहेर बघत त्यानं कागदातली मिरची भजी माझ्यापुढे केली. "खा. सकाळपासून उपाशी आहेस." एवढंच. शिवी दिली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी अत्तेनं यंत्राला हळद-कुंकू लावलं. चार बाजूंना चार लिंबं ठेवली. शेजारच्या बायका जमल्या. "कुणी निवडला गं?" एकीनं विचारलं.

"बावानं," वेणी म्हणाली. "बावा नसता तर मी दिव्यांना भुलून फसले असते."

"मग नारळ त्यानंच फोडायचा," अत्त म्हणाली, आणि नारळ माझ्या हातात दिला. मी मामय्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून एका कोंबड्याला बदाम भरवत होता. मी उंबऱ्याजवळच्या दगडावर नारळ आपटला. एका घावात दोन सारख्या वाट्या.

"बघा," म्हातारी शेजारीण म्हणाली, "मन साफ असलं की असाच फुटतो."

सगळ्या हसल्या. वेणीनं खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. मी तो न खाता मुठीत धरून ठेवला.

वेणीचा कोर्स ह्या वर्षी संपेल. यंत्र अजून धडधाकट आहे, एकदाही माझ्या दुकानात आलं नाही. ती सगळ्यांना अजून सांगते की माझ्या बावानं निवडलं. मामय्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. आणि एवढं होऊनही, खरं सांगतो, मला वेणीचा हेवा वाटायचा थांबला नाही. उलट वाढलाय. आधी तो फक्त लॅपटॉपचा होता, आता तिच्या बापाचाही आहे.