खालून वर वाचणारे काका

पत्र हाती आले की काका ते आधी उलटे करीत. मजकूर नंतर; पहिली नजर शेवटच्या ओळीवर, सहीवर, तिच्याखालच्या गावावर. नाव सापडले की चष्मा नीट बसवून ते वरून वाचायला घेत. न सापडले तर पत्र टेबलाखालच्या टोपलीत जाई आणि काका पुटपुटत, "गाव सांग बाप्पा, मंग बोल."

आमच्या अमरावतीच्या दैनिकात वाचकांच्या पत्रांचे सदर त्यांच्याकडे होते, रविवारची पुरवणी माझ्याकडे. टेबले समोरासमोर. त्या पत्रांना वास असत. कुणाला सरकीच्या पेंडीचा, कुणाला वहीच्या कोऱ्या पानाचा. वलगावहून येणाऱ्या एका पत्राला तर नेहमी हळदीचा. कागदाला हात लावण्याआधी शर्टाला हात पुसणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. काका त्यांपैकी होते.

एकदा दर्यापूरच्या एका गृहस्थांनी नळ सोडणाऱ्या माणसाविरुद्ध पत्र धाडले. त्यात त्या माणसाच्या वडिलांचाही उद्धार होता. काका बसने दर्यापूरला गेले, गृहस्थांच्या अंगणात बसले आणि म्हणाले, हेच पत्र आता बायकोसमोर मोठ्याने वाचा. गृहस्थ वाचू लागले. तिसऱ्या वाक्यात एक शब्द गिळला, पाचव्यात दोन. बायको गहू निवडता निवडता म्हणाली, "त्याच्या बापाले कायले आनता मंधात? नळाचं लिवा." पत्र छापले गेले, नळाचे. बाप अंगणातच राहिला. काकांची सारी संपादनकला एवढीच होती: जे घरच्यांसमोर वाचता येते ते छापता येते.

मग आमचे दैनिक मोबाइलवर आले, प्रत्येक बातमीखाली प्रतिक्रियांचा चौकोन उघडला, आणि पत्रे आटल्यामुळे तो चौकोन काकांच्या गळ्यात पडला. सवयीने ते पडद्यावर बोट ठेवून खाली खाली जात, नाव शोधत. तिथे 'वाघ' होता, 'सच्चा नागरिक' होता, 'तुमचा बाप' होता. माणूस कुठेच नव्हता.

बँकेच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याला नुसते 'अहो' म्हणायला ज्यांची जीभ उचलत नाही, ती माणसे इथे वाघ होत. त्यांच्या शब्दांना ना शाईचा वास, ना घामाचा. फक्त बंद खोलीत वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांची कुबट ऊब. काका प्रत्येकाखाली टंकित करीत: 'आपले पूर्ण नाव व गाव कळवावे.' एकाने विचारले, तू कोन बे? काकांनी तत्काळ स्वतःचे नाव, गल्ली आणि गाव लिहून पाठवले. उत्तरादाखल हसऱ्या पिवळ्या तोंडांची रांग आली.

तेव्हाच मी बाळापूरच्या एका शिक्षिकेवर चार ओळी लिहिल्या. बावन्नाव्या वर्षी, वैधव्याच्या अकरा वर्षांनंतर, त्यांनी लग्न केले होते. छायाचित्रात त्यांच्या केसांत अबोलीचा गजरा होता आणि डोळ्यांत थोडे बावरलेले हसू. संध्याकाळपर्यंत त्या चार ओळींखाली गटार वाहू लागले. गजऱ्यावर, वयावर, अंथरुणावर. ज्याला जे सुचले ते. शिक्षिकेचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. म्हणाल्या, माझ्या वर्गातली मुले हेच वाचून राहिली आहेत, ते काढा. मी संपादकांकडे गेले. ते म्हणाले, या बातमीवर गर्दी आहे, राहू द्या.

काकांनी मात्र त्या साऱ्या प्रतिक्रिया कागदावर छापून घेतल्या आणि खालून वाचल्या. सर्वांत घाणेरड्या प्रतिक्रियेच्या धन्याने चेहऱ्याच्या जागी आपली नवी मोटरसायकल लावली होती. तोंड लपवता आले, मोटरसायकल लपवणे काही त्याच्याने झाले नाही. आणि तिच्यामागे दुकानाची पाटी होती, अकोल्याच्या पत्त्यासह.

आम्ही अकोल्याला गेलो. पाण्याच्या मोटारींचे दुकान. ग्रीस आणि उदबत्ती यांचा मिसळलेला दर्प. मालक चाळिशीचा, मऊ आवाजाचा. मला ताई म्हणाला, पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिले. मागे त्याची म्हातारी आई डबा घेऊन बसली होती. काकांनी कागद पुढे केला.

"हे तुमचंच नं? एकदा मायसमोर वाचून दाखवा."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सारेच लिहून राहिले होते, काका. मी एकटाच थोडी."

"काय हाय रे कागदात?" आईने विचारले.

"काई नाई, माय. जाहिरात हाय."

काकांनी कागद तसाच पुढे धरला. मालकाने मोबाइल काढला आणि अंगठ्याने ती प्रतिक्रिया पुसली. आणि दुसऱ्या सकाळी या वाघाने आमच्या संपादकांना फोन करून तक्रार केली, वर आपले नाव कुठेही येऊ नये अशी विनंतीही केली. ज्या कार्यालयाला चार दिवसांत ते गटार उपसता आले नव्हते, त्याने काकांना हटवायला एक तासही घेतला नाही. उद्यापासून येऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले.

त्याच दुपारच्या टपालात बाळापूरचे पत्र होते. काकांनी ते उलटे केले आणि बराच वेळ शेवटच्या ओळीवरच थांबले. मग वरून वाचले. 'माझ्याविषयी लिहिलेले काढता येत नसेल, तर माझेही छापा. मी लग्न केले आहे. ज्यांना काही म्हणायचे आहे, त्यांनी रविवारी घरी यावे. चहा पाजीन.' खाली नवे पूर्ण नाव, गल्ली, बाळापूर, जिल्हा अकोला. त्या दिवशीच्या सदरात काकांनी हे एकच पत्र लावले. ते त्यांचे शेवटचे सदर.

काका आता नाहीत. सदर नाही, त्यांचे टेबलही नाही. तो चौकोन तेवढा आहे, आणि त्यात ती मोटरसायकल आजही दिमाखात उभी असते.

पत्रातल्या त्या रविवारी काका आणि मी बाळापूरला गेलो. शिक्षिकेचे यजमान स्वयंपाकघरात चहासाठी आले किसत होते. घरभर त्याचा तिखट वास. तबकात नवे स्टीलचे पेले पालथे मांडलेले होते, चांगले डझनभर.

"सुटीचा दिवस आहे, येतील म्हटलं," त्या म्हणाल्या.

"कोन आलं?" काकांनी विचारले.

"तुम्हीच."

काकांनी शर्टाला हात पुसले आणि एक पेला उचलला. सुलटा करण्याआधी त्याचे बूड उजेडाकडे धरले. तिथे बारीक टिंबांनी कोरलेले होते शिक्षिकेचे नवे नाव, आणि त्याखाली बाळापूर. काकांनी त्यावरून बोट फिरवले, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"हं," ते म्हणाले. "आता पाजा चाय, मॅडम."

बाकीचे पेले आम्ही निघेपर्यंत पालथेच होते.