भाऊजींचा हलता ट्रक

वर्धा जिल्ह्यात माझ्या साडभाऊंइतका रागीट माणूस आजवर झाला नाही, आणि यापुढे कोणी व्हायचं म्हटलं तरी त्याला ते झेपायचं नाही. इतरांना अधूनमधून राग येतो. साडभाऊंचा तो दिनक्रम होता. जामच्या चौरस्त्यावर त्यांचं टायरचं दुकान. सकाळी शटर अडकलं की ते शटरवर रागावत, आणि सरसर वर गेलं की तेल घालणाऱ्यावर, कारण त्यातलं थोडं तेल त्यांच्या सदऱ्यावर आलेलं असे. रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईंशी त्यांचं कित्येक वर्षांचं भांडण होतं. "विदर्भात तुरळक ठिकाणी सरी पडतील," असं त्या म्हणाल्या की हे रेडिओला विचारत, "तुरळक म्हणजे कुठी? गावाचं नाव सांगा ना." उत्तर येत नसे म्हणून रेडिओ बंद होई. लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ कमी लागलं म्हणून ते भरल्या पानावरून उठले, मांडवाच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला ते वरण कसं बिघडलं हे सांगितलं, आणि दुसरी पंगत बसताना सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. एकदा एका ट्रक ड्रायव्हरने घासून घासून तारा बाहेर आलेलं टायर आणून टाकलं आणि नवं मागितलं. साडभाऊ म्हणाले, "पहिले याची माफी माग. मंगच दुसरं भेटन." तो हैदराबादकडे निघालेला, घाईतला माणूस. पण त्याने खरोखर त्या टायरपुढे हात जोडले आणि नवं टायर नेलं. पुढे तो नेहमी त्यांच्याकडेच यायचा.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून तिचं ऐकून मीही भाऊजीच म्हणायला लागलो. मी वर्ध्याला शाळेत शिकवत होतो, राहायला पिपरी मेघेत. जामला गेलो की माझ्यावरही रागावणं होईच. बसने आलो तर, "हे काय यायची वेळ झाली?" आणि कोणाच्या गाडीने लवकर पोचलो तर, "इतक्या लवकर कोन येते बाप्पा पावना?" त्यांच्या रागातून एकच माणूस सुटलेलं होतं, ते म्हणजे त्यांची बायको, आमच्या ताई. भाऊजी रंगात आले की ताई हातातलं काम न थांबवता विचारायच्या, "झालं का जी?" आणि भाऊजी दोन घोट पाणी पिऊन गप्प बसत.

ताई रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन दुकानात येत. घर रस्त्याच्या पलीकडे. मधे तो हमरस्ता, आणि त्याच्या कडेला चहा-जेवणासाठी थांबलेल्या ट्रकांची रांग. एका दुपारी ताई त्या रांगेतून बाहेर आल्या आणि नागपूरकडून आलेल्या ट्रकने त्यांना उडवलं. भाऊजी दुकानात गिऱ्हाइकावर रागावलेले होते. ओरडा ऐकून ते बाहेर धावले, तेव्हा डबा त्यांच्या पायाशी येऊन पडला होता. ताई वाचल्या. पण उजव्या पायाचं हाड जुळलं ते आखूड होऊन, आणि पुढे त्या काठी घेऊन चालायला लागल्या.

ताई दवाखान्यात होत्या तोवर भाऊजी कोणावरही रागावले नाहीत. डॉक्टर उशिरा आले तरी नाही, शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्रंदिवस खोकला तरी नाही. माझी बायको घाबरून मला म्हणाली, "भाऊजींच्या जवळ बसा. काही तरी बिघडलं आहे." ताई घरी आल्या आणि त्या राग न आलेल्या सगळ्या दिवसांचा राग एकदम आला. भाऊजींनी मला सोबत घेतलं आणि वर्ध्याला रस्त्याचं काम पाहणाऱ्या कचेरीत जाऊन साहेबांपुढे उभे राहिले. मागणी साधी होती. चौकात गतिरोधक करा आणि कडेला ट्रक उभे राहू देऊ नका.

साहेब शांत होते. ते म्हणाले, "हे बघा, पादचाऱ्यांनीही दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला पाहिजे. बाई जरा घाईत असतील."

"तिनं पाह्यलं, साहेब. तिले दिसत नोहतं. दिसनच कसं? हे पाहा." आणि भाऊजींनी साहेबांच्या टेबलावर चौक मांडला. स्टॅम्पचं पॅड म्हणजे उभा ट्रक, पेपरवेट म्हणजे येणारा ट्रक, आणि टाचणी म्हणजे ताई. त्यांनी पेपरवेट जोरात सरकवला. तो थेट साहेबांच्या चहाच्या कपाला लागला. साहेबांनी चहा पुसला, पेपरवेट आपल्या बाजूला ओढून घेतला आणि म्हणाले, "असं टेबलावर कळत नाही हो. जागेवर काय झालं ते कोणी पाहिलंय?"

खरं सांगतो, मला स्वतःला सहसा राग येत नाही. वर्गात पोरं कागदाची विमानं सोडतात तेव्हाही मी ती कशी उडतात हे पाहत बसतो. पण "बाई जरा घाईत असतील" हे वाक्य ऐकून माझे कान तापले. बाहेर आल्यावर भाऊजी बसस्टँडपर्यंत त्या साहेबांना, त्यांच्या टेबलाला, टेबल बनवणाऱ्या सुताराला आणि चहा देणाऱ्याला बोलत राहिले, आणि मी पहिल्यांदाच प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे" म्हणत होतो.

त्याच सुमारास आमच्या शाळेत संगणक आला होता. तेव्हा संगणक म्हणजे मोठ्या पोटाचा मॉनिटर आणि खाली घरघरणारा डबा. शाळेने मला थोडं प्रशिक्षण देऊन आणलं होतं, त्यामुळे मी त्याला भीत भीत का होईना, पण हात लावत असे. त्यात चित्रं हलवण्याचा एक साधा प्रोग्राम होता. भाऊजी काही कामाने शाळेत आले तेव्हा पडद्यावर एक लाल चेंडू टप्पे खात होता. ते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "हा चेंडू कोन हलवून राह्यला?"

मी म्हटलं, "कोणी नाही. एक चित्र काढायचं, मग त्याच्यावर दुसरं, चेंडू जरासा पुढे. मग तिसरं. भरभर दाखवली की हलतो."

"चेंडूच्या जागी ट्रक चालन?"

पुढच्या रविवारी मी जामला गेलो तर दुकानाच्या मागच्या खोलीत, टायरांच्या उतरंडीत संगणक बसवलेला. हिंगणघाटच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने हौसेने घेतला होता आणि घरात सुरू करायची हिंमत होत नाही म्हणून झाकून ठेवला होता. भाऊजींनी तो उचलून आणला. भाऊजींचं शिक्षण सुरू झालं, आणि त्यांच्या रागाला नवीन प्रांत मिळाला. माउस टेबलाच्या कडेला पोचला की तो उचलून मागे ठेवायचा, हे त्यांना पटेना. "रस्ता संपला त गाडी उचलून मांगं ठेवता का तुमी?" असं म्हणून ते माउस भिंतीपर्यंत ढकलत. शेवटी त्यांनी टेबलाला फळी ठोकून ते लांब करून घेतलं. बाण हवा तिथे थांबत नसे तेव्हा ते त्याला "अबे, तिकडं कुठी चालला" असं गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी हाक मारत. ट्रक काढून झाला आणि आम्ही तो चालवला, तर तो उलटा, मागे मागे जायला लागला. चित्रांचा क्रम आम्ही उलटा लावला होता. तो दुरुस्त करेपर्यंत लोडशेडिंग झालं आणि सेव्ह न केलेलं सगळं काम गेलं. भाऊजी अंधारातच उठून बाहेर गेले. मग वीज कंपनीच्या लाइनमनला दुकानात बोलावून, बिचाऱ्याला चहा पाजत पाजत त्याच्यावर तासभर रागावले.

पण सोडलं नाही. दर रविवारी मी जायचो, आणि मधल्या दिवसांत ते एकटे बसत. ट्रक चौकोनी खोक्यासारखा होता, पण चाकं मात्र अशी की नटबोल्टसुद्धा दिसावेत. मी म्हटलं, "भाऊजी, चाकांकडे कोण पाहणार आहे?" ते म्हणाले, "चाक नाई फिरलं त ट्रक घसरून राह्यला असं दिसते, मास्तर. मंग साहेब म्हनन, ब्रेक मारला होता." त्यांनी प्रत्येक चित्रात चाक थोडं थोडं फिरवलं. उभ्या ट्रकांची रांग, चहाचं दुकान, दुकानासमोरचं बाभळीचं खोड, सगळं जागच्या जागी आलं.

मग राहिलं माणूस. बाईचं चालणं त्यांना जमेना. पाय कात्रीसारखे उघडझाप करत आणि डोकं जागेवरच राही. ताईंना चालायला सांगायची सोय नव्हती. एका रविवारी भाऊजी माझ्या बायकोला म्हणाले, "छोटे, तू चाल. तुमचं दोघी बहिणींचं चालनं सारखं आहे." तिच्या हातात डबा दिला आणि ती ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. भाऊजी पाटीवर खडूने पावलं टिपत ओरडत होते, "हळू. वरातीत चालल्यावानी नको चालू. डबा हाय हातात, वरन सांडन."

ताई खुर्चीवर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मी अशी नाई चालो. मी जोरात चालो. हे भुकेले राह्यले का कोनावर बी चिडते, म्हणून जोरात चालो."

भाऊजींनी खडू खाली ठेवला. मग माझी बायको डबा घेऊन पुन्हा या टोकाला आली आणि जोरात चालायला लागली. भाऊजी पाटीवर टिपू लागले. त्यांच्या हातातल्या पाटीवरची पावलं वाकडी येत होती, पण ते ओरडले नाहीत.

शेवटचा भाग आपण एकटेच करू, असं भाऊजींनी सांगितलं. मीही आग्रह धरला नाही. तो भाग कोणता होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

कचेरीत जायच्या दिवशी मॉनिटर ताईंच्या गोधडीत गुंडाळून भाऊजींनी जीपमध्ये मांडीवर घेतला, संगणकाचा डबा माझ्या मांडीवर. ताईही काठी घेऊन आल्या. साहेबांच्या खोलीत प्लग बसेना, मग बसला तर पंखा बंद करावा लागला. पंखा बंद झाल्यावर शेजारच्या खोलीतले कारकून काय चाललंय म्हणून येऊन दारात उभे राहिले. ताई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. पडदा उजळला.

रांगेत ट्रक उभे. चहाच्या दुकानातून धूर. हिरव्या पातळातली एक बाई डबा घेऊन भराभर चालत आली आणि उभ्या ट्रकाआड दिसेनाशी झाली. इकडून मोठा ट्रक येतोय, चाकं फिरतायत. दोघांच्या मधे तो उभा ट्रक. बाईला येणारा दिसत नाही, येणाऱ्याला बाई दिसत नाही, हे दारातल्या शेवटच्या कारकुनालाही कळलं. कोणीतरी "अरे अरे" म्हणालं. बाई ट्रकाआडून बाहेर आली. आणि येणारा ट्रक थांबला. चाकं हळू होत होत पूर्ण थांबली. बाई रस्ता ओलांडून दुकानात गेली.

चित्र संपलं. साहेब पडद्याकडे पाहत राहिले. "पण यात तर ट्रक थांबला," ते म्हणाले. "अपघात कुठे आहे?"

मी डोळे मिटून घेतले. आता काय होणार ते मला दिसत होतं. पण आवाज चढला नाही. भाऊजी माउसवर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "तो मले काढता नाई आला, साहेब. लय डाव बसलो. नाई आला."

बाकावरून ताई म्हणाल्या, "झालं का जी? मंग चला घरी."

साहेबांनी काही आश्वासन दिलं नाही. पण ते एकदा जीप घेऊन जामला आले, उभ्या ट्रकांच्या रांगेमागे जाऊन स्वतः वाकून पाहिलं, आणि काही महिन्यांनी चौकात गतिरोधक झाले. ते फार उंच झाले म्हणून भाऊजी पुढची कित्येक वर्षं साहेबांवर रागावत होते. संगणकावर नंतर धूळ साचली. ताई काठी टेकत दुपारी डबा आणत राहिल्या, आणि त्या रस्ता ओलांडेपर्यंत भाऊजी दुकानाच्या पायरीवर उभे राहून, दोन्ही हात पसरून, येणाऱ्या जाणाऱ्या ट्रकांना शिव्या घालत. ड्रायव्हर हसून थांबत.

ताई जाऊन आता दुसरा हिवाळा आला. भाऊजी दुकानात बसतात, पण रागावत नाहीत. जुने ड्रायव्हर मुद्दाम खोड काढून पाहतात. मीही गेल्या भेटीत मुद्दामच म्हटलं, "भाऊजी, आता नवीन टायरांत उन्हाळ्यात दुप्पट हवा भरायची म्हणे." पूर्वी एवढ्यावर त्यांनी मला पायरीवरून खाली उतरवलं असतं. ते माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "असन, मास्तर. भरत असन."

परतताना बसमध्ये मला फार राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. पिपरी मेघेला उतरेपर्यंत तो तसाच होता.