नाकाडोंगरीचा काळा दगड

तुमसरहून नाकाडोंगरीच्या एस.टी.त चढलो, तेव्हा कंडक्टरने माझ्या लाकडी खोक्याकडे पाहून विचारले, "बाजाची पेटी हाय का जी?"

"जमिनीची नाडी पाहायचं यंत्र आहे," मी ऐटीत सांगितले. पुण्याहून निघाल्यापासून हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवले होते. कंडक्टरने निमूटपणे खोक्याचे तिकीट फाडले.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. सरकारी योजनेत गावोगाव हातपंप बसत होते आणि बोअर कुठे मारायचा ते सांगणे हे माझे काम. जमिनीत एका रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून वीज सोडायची आणि आतल्या दोन्हींना जोडलेली सुई काय म्हणते ते टिपायचे. कोरडा खडक वीज अडवतो, ओला जाऊ देतो आणि सुई खाली येते. खुंट्या जितक्या लांब न्याव्यात तितके खोलचे कळते.

उन्हाळा लागला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) भेगाळून पडल्या होत्या आणि जंगलाच्या कडेला बायाबापडे मोहफुले वेचत होते. नाकाडोंगरीला उतरून बैलगाडीने एका टोलीवर (लहान वस्तीवर) गेलो. तिथल्या शाळेतल्या गुरुजींनी मला भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण वाढले. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आले, तरी मी दोनदा मागून घेतले.

जेवताना गुरुजी म्हणाले, "साहेब, बाया नाल्याच्या वाळूत झिरा खोदून पाणी आणतात. टोलीला एकच बोअर मंजूर आहे. कोरडा गेला, तर पुन्हा नंबर कधी लागेल देव जाणे."

"पाण्यावरच बोट ठेवतो की नाही बघा," मी म्हणालो. तेव्हा मी फार बोलत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुई नुसती रेंगाळत होती. मग टोलीमागच्या उंचवट्यावर ती अशी खाली आली, की मी खुशीत गुरुजींना टाळी दिली. वीज बिनतक्रार जात होती, म्हणजे खाली पाणी असणारच! मी चुन्याची फुली मारली.

पाण्याची गुंडी (घागर) घेऊन एक म्हातारी तिथे थांबली होती. गुरुजींनी ओळख करून दिली. ही भागरताबाई. हिची सारी उमर चिखला गावच्या खाणीवर मँगनीज निवडण्यात गेली होती. खुंटी उपटलेल्या जागेतून तिने एक खडा काढला, तळव्यावर दोनदा झेलला, जीभ लावून पाहिला आणि पांढऱ्या गारेवर (गारगोटीवर) घासला. गारेवर काळी रेघ उमटली.

"साहेब, इथं बोर नका मारू जी. हा मँगनीज हाय."

"यंत्र सांगतंय खाली पाणी आहे म्हणून! तुम्हाला काय जमिनीखालचं दिसतं?"

"मले कायले दिसन जी? हातानं समजते. दगड पाहा किती जड हाय. अन् मातीचा रायला असता, तं जिभीले चिपकला असता."

माझा पारा चढला. तिचे तोंड बंद करावे म्हणून मी मीटरच्या दोन तारा त्या खड्याला टेकवल्या. सुई झपकन पार तळाला गेली! वीज पाण्यातून नव्हे, त्या काळ्या दगडातून जात होती. मँगनीजमधून वीज जाते हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि मँगनीजच्या मुलखात येऊन नेमका विसरलो होतो. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

भागरताबाई हसली नाही. "तुमी जासान निंगून," ती एवढेच म्हणाली. "नाल्यावर आमालेच जा लागते."

मग फुली पुसून आम्ही दोघे चालत निघालो. ती खडे उचलून गारेवर घाशी, मी मागून खोके घेऊन जाई. टोलीच्या खालच्या अंगाला काळी रेघ उमटायची थांबली. तिथे मी नव्याने खुंट्या ठोकल्या. सुई थोडीथोडीच उतरली, पण इमानाने उतरली.

तीन दिवसांनी बोअरची गाडी आली. संध्याकाळी भोकातून आधी भुकटी उडाली, मग चिखल आणि मग पाणी. बाया त्या गढूळ पाण्यात उभ्या राहून एकमेकींना भिजवत होत्या.

निघताना मी भागरताबाईच्या पाया पडलो. ती संकोचली आणि तिने अगदी सहज विचारले, "येच्या आंदीच्या गावात तुमाले कोनं सांगतलं जी?"



परतीच्या एस.टी.त मी वही उघडली. या टोलीच्या आधी, याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका गावात सुई अशीच झपकन खाली आली होती. त्या लोकांनी मला हार घातला होता. बोअरची गाडी उद्या तिकडेच जाणार होती. इतकी वर्षे सुईवर विश्वास ठेवला त्याचे मला वाईट वाटले नाही. ज्या जमिनीवर पाय ठेवला ती कधी हातात घेऊन पाहिली नाही, याचे वाटले.

तिकीट तुमसरचे होते. मी मधल्याच फाट्यावर खोके घेऊन उतरलो, ऊन डोक्यावर घेत त्या गावात पोचलो आणि पारावर बसलेल्या माणसांना विचारले, "इथं मँगनीज निवडलेली कोणी बाई आहे का हो?"